रिकाम्या जागेचं माप

रिकाम्या जागेचं माप घेणाऱ्या माणसावर संशय घ्यायचा नाही, तर मग घ्यायचा तरी कुणावर, हे मला एकदा कुणीतरी समजावून सांगा. झाल्या प्रकाराबद्दल घरात, गल्लीत आणि मेव्हण्यांच्या शेतावर माझी जी काही टिंगल चालली आहे, ती करणाऱ्यांनी आधी या प्रश्नाचं उत्तर द्यावं आणि मग खुशाल हसावं.

मुळात मी संशयी नाही. माझी अख्खी नोकरी विमा कार्यालयात नुकसानभरपाईचे दावे तपासण्यात गेली. ज्याचं गोदाम जळतं तो रडत येतो आणि ज्याने स्वतःच जाळलेलं असतं तो त्याहून मोठ्याने रडत येतो, एवढं ज्ञान त्या खुर्चीने मला दिलं. बायको म्हणते, "दूधवाल्याने माप सोडून वर थोडं दूध घातलं, तर त्यालाही तुम्ही विचारता, का घातलंस म्हणून!" विचारतो. का घातलं त्याने? आजवर उत्तर मिळालेलं नाही.

तर माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे मेव्हणे, हे शेती करतात असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात त्यांच्या शेतात लॉऱ्या उगवतात. जुन्यापुराण्या, गोल नाकाच्या, लाकडी हौद्याच्या, पुढून दांडा फिरवून सुरू करायच्या अशा अकरा लॉऱ्या. कुठल्या तरी गोदामामागे गवतात रुतलेली लॉरी दिसली की या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. मग ती ओढत आणायची आणि घराच्या अंगणापासून विहिरीपर्यंत जी रांग लागली आहे, तिच्यात उभी करायची. प्रत्येकीला नाव आहे. पिवळी तो 'भोपळा', शिंगासारखे दिवे असलेली 'म्हैस', आणि सगळ्यांत जुनी ती 'म्हातारी'.

या लॉऱ्यांचे भाग बाजारात मिळत नाहीत. त्यामुळे मेव्हण्यांची एक रीत आहे: एकीचं काढायचं आणि दुसरीला लावायचं. फक्त एक नियम मात्र कडक, चालत्या गाडीतून काही काढायचं नाही. बाकी जगातली कुठलीही बंद वस्तू त्यांना मोकळी आहे. धाकटीचं शिवणयंत्र वर्षभर बंद आहे, कारण त्याची एक स्प्रिंग भोपळ्यात बसली आहे आणि भोपळा चालतो.

गेल्या वर्षी धाकटीच्या पोटात भयंकर दुखायला लागलं. गावच्या छोट्या दवाखान्याची रुग्णवाहिका इंजिन गेल्यामुळे नुसतीच उभी होती. दुसरं वाहन मिळेना. शेवटी मेव्हण्यांनी तिला म्हातारीत घातलं आणि मोठ्या इस्पितळाकडे निघाले. म्हातारी चढावर बंद पडली, पुलावर बंद पडली आणि इस्पितळाच्या फाटकात बंद पडली. धाकटी वाचली, पण मेव्हणे हादरले ते हादरलेच. त्यांनी दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंना चार लोकांसमक्ष शब्द दिला. "पुढच्या वर्षी माझ्या लॉऱ्यांचं प्रदर्शन भरवतो. लोक जे देतील त्यातून तुमची नवी गाडी आली तर उत्तम. नाही आली, तर अकराच्या अकरा भंगारात घालतो आणि गाडी घेऊन देतो."

धाकटी त्यावर म्हणाली, "घाला एकदाच्या! माझं अंगण तरी मोकळं होईल."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

देणगीची पेटी आणि एकंदर बंदोबस्त यांसाठी मेव्हण्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "दादा, कुणावरच विश्वास न ठेवणारा तुमच्यासारखा दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही." मी हा गौरव नम्रपणे स्वीकारला.

आल्या आल्या मी पेटी बनवून घेतली. लॉरीची हत्यारं ठेवायची जाड पत्र्याची पेटी, वर पाकीटही जाईल अशी रुंद फट, आणि पुढे दोन कुलुपं. एकाची किल्ली माझ्याकडे, दुसऱ्याची डॉक्टरीणबाईंकडे. पेटीवर मी स्वतः रंगाने लिहिलं, 'ही पेटी सर्वांसमक्ष, दोन्ही किल्ल्यांनी, समारोपालाच उघडली जाईल. हात लावणाऱ्यावर कारवाई होईल.' मजकूर वाचून मेव्हणे म्हणाले, "लोक घाबरून पैसे घालायचे नाहीत." मी म्हटलं, घाबरतील ते घालणारे नव्हेतच.

मग परवानगी. परवाना कार्यालयातल्या कारकुनाने पहिलाच प्रश्न असा विचारला, की मी खुर्चीवर असतो तर मलाही सुचला असता.

"या लॉऱ्या वाहन आहेत की वस्तू?"

"म्हणजे?"

"चालत असतील तर वाहन. मग आमचं खातं. उभ्याच राहणार असतील तर वस्तू. मग ते वस्तूंचं प्रदर्शन, खिडकी बदला, आगीचा दाखला आणा, मांडवाचा नकाशा आणा."

"उद्घाटनापर्यंत उभ्या राहतील आणि मग चालतील."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. ते पुन्हा उचललं जाईपर्यंत माझे तीन हेलपाटे झाले. शेवटी लॉऱ्या वाहन ठरल्या, पण अट अशी, की दुपारच्या आत त्या शेताला एक फेरी मारतील. नाही मारली तर त्या वस्तू, प्रदर्शन बेकायदा, आणि लोकांना घरी पाठवायचं. "मी जातीने येणार आहे बघायला," कारकून म्हणाला. "मुलांनाही आणतो."

आता तो टेपवाला.

प्रदर्शनाला थोडे दिवस उरले असताना दुपारी मेव्हणे टायर आणायला गेले होते. मी पडवीत पेटीचा रंग वाळताना बघत बसलो होतो. एक माणूस आला. कानामागे पेन्सिल, हातात मोजपट्टी. कुणाला काही न विचारता त्याने म्हातारी मापली. लांबी, रुंदी, उंची. मग म्हैस. मग भोपळा. करत करत रांग संपली. आणि मग, नीट ऐका, रांगेच्या टोकाला जिथे काहीही नाही, नुसती जमीन आहे, तिचंही त्याने माप घेतलं!

मी धाकटीला विचारलं, "हा कोण गं?"

ती धान्य निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कोण? येतात लोक बघायला."

बरं, बघायला येतात. पण थोड्या वेळाने तिने त्याला चहा नेऊन दिला. माणुसकी आहे, देऊ दे. पण साखर किती घालू हे विचारलं नाही! पाहुणा पहिल्यांदा येतो तेव्हा आपण विचारतो की नाही? याला न विचारता दिला आणि तो मुकाट्याने प्यायला. म्हणजे हा आधी येऊन गेलेला होता. विमा कार्यालयात असल्या एका चमच्यावर आम्ही दावे उधळून लावले आहेत.

मी सगळं जुळवलं. टेपवाला भंगारवाला आहे. बहिणीला अंगण मोकळं हवं आहे. प्रदर्शन पार पडायच्या आतच लॉऱ्या उचलायच्या, आणि त्या नेणारा मोठा ट्रेलर उभा करायला ती रिकामी जागा! मेव्हण्यांना सांगावं तर त्यांच्याच बायकोची चुगली. बहिणीला विचारावं तर ती सावध होणार. सख्ख्या बहिणीवर संशय घेताना माझ्या जिवाला काय वाटलं असेल, याचा विचार मात्र आजवर कुणी केलेला नाही.

कपडे आणि बायको घेऊन यायला मी शहरात घरी गेलो, तेव्हा शेजाऱ्यांचा सल्ला घेतला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी कुत्रा पाळायला सांगितलं. समोरचे मास्तर म्हणाले की चाकांतली हवा सोडा. मग म्हणाले, सोडू नका, भरायला कोण बसणार. शेवटी निवृत्त फौजदार दाराला कडी लावून हळू आवाजात म्हणाले, "पेट्रोलच्या आहेत ना? मग इंजिनावर एक काळं टोपण असतं, त्यातून ठिणगीच्या तारा निघतात. टोपणाखाली अंगठ्याएवढा एक तुकडा असतो. रोटर म्हणतात त्याला. तो काढून खिशात घाला. त्याच्याशिवाय ठिणगी पुढे जातच नाही. चोर दांडा फिरवून मरेल, पण गाडी हलणार नाही."

किती साधं! कुत्रा नको नि हवा नको. मी आमच्या जुन्या छोट्या गाडीचं टोपण काढून त्यांच्याकडून शिकूनही घेतलं.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी सगळे मांडवात गुंतले असताना मी रांगेतून फिरलो आणि एकेका लॉरीचा रोटर काढला. ठेवायचे कुठे? शेतावरची सगळ्यांत सुरक्षित जागा कोणती? जी मी स्वतः बनवली होती ती! पेटीच्या फटीतून एकेक तुकडा आत सोडला. सकाळी डॉक्टरीणबाई किल्ली घेऊन लवकर येणार होत्या. आम्ही दोघं गुपचूप पेटी उघडणार, रोटर जागच्या जागी बसणार, आणि कुणाला पत्ता लागणार नाही. एवढ्यात पाठीमागून "अहो!" अशी हाक आली. मी दचकलो. बायको चहाला बोलावत होती. मी गेलो. चहात साखर बरोबर होती.

सकाळी लोक लोटले. म्हातारे-कोतारे, कडेवरची पोरं, सगळे लॉऱ्यांच्या नाकांवरून हात फिरवत होते. पेटीत धडाधड पैसे पडत होते. कारकून खरोखरच मुलांना घेऊन आला होता. भोंग्यावरून सांगून झालं, की म्हातारी सगळ्यांच्या पुढे असेल, तिच्यात मानाने डॉक्टरीणबाई बसतील आणि मागून बाकीच्या दहा. नव्हत्या फक्त डॉक्टरीणबाई. एका बाईचे दिवस भरले होते आणि तिला घेऊन त्या दुधाच्या टेम्पोतून इस्पितळात गेल्या होत्या. रुग्णवाहिका नव्हती ना! किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती.

मेव्हण्यांनी म्हातारीचा दांडा फिरवला. काही नाही. पुन्हा फिरवला. मग म्हैस, मग भोपळा. त्यांच्या जुन्या मिस्त्रीने टोपण उघडलं आणि म्हणाला, "मालक, रोटरच नाही." दुसरीत नाही. तिसरीत नाही. मेव्हणे म्हातारीच्या पायरीवर मटकन बसले. जो माणूस वर्षभर दिवसरात्र वंगण आणि पाने यांच्यात राबला, त्याचा चेहरा असा पांढरा पडलेला मला बघवेना.

"दादा, संपलं. शब्द दिलाय मी. उद्या सगळ्या भंगारात."

मी त्यांना बाजूला घेतलं. "मेव्हणे, घाबरू नका. रोटर सुरक्षित आहेत."

"कुठे?"

"पेटीत."

"कुठल्या पेटीत?"

मी पेटीकडे बोट दाखवलं. मेव्हण्यांनी पेटीकडे पाहिलं. मग तिच्यावरचा माझा मजकूर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. मग माझ्याकडे पाहिलं आणि "बरं," एवढंच म्हणाले. त्या 'बरं'पेक्षा मुस्काटात मारली असती तर परवडलं असतं.

ऊन चढलं. पोरं रडायला लागली. लोक एकेक करून फाटकाकडे निघाले. कारकून घड्याळ बघत माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "वस्तू होत चालल्या हं."

अखेर टेम्पो आला. डॉक्टरीणबाई उतरल्या आणि ओरडून म्हणाल्या, "मुलगी झाली! दोघी सुखरूप!" लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या थांबायच्या आत मी त्यांची किल्ली मागून पेटी उघडायला बसलो. भरल्या मांडवात, समारोपाच्या कितीतरी आधी, स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मजकुरासमोर मी देणगीच्या पैशांत कोपरापर्यंत हात घातला.

"अहो, ते बघा काय करतायत!" एक बाई म्हणाली.

"कुंपणच शेत खातंय," मागून कुणीतरी म्हणालं.

"हातावर नजर ठेवा त्यांच्या." हे म्हणणारा माझ्याच वयाचा, चष्मेवाला होता. त्याचंही काही चुकलं नाही. त्याच्या जागी मी हेच म्हटलं असतं. पण ऐकताना कान तापून लाल झाले, एवढं खरं.

रोटर निघाले, पण कोणता कुणाचा? सगळे काळे, सगळे अंगठ्याएवढे. मिस्त्री एकेक लावून बघायला लागला. म्हशीला लावला, ती खोकली आणि गप्प झाली. भोपळ्याला लावला, भोपळा दणक्यात सुरू झाला! पोरं नाचायला लागली. फाटकापर्यंत गेलेले लोक परत फिरले. "आता म्हशीला दुसरा लावा!" "नाही, तो तिकडचा लावून बघा!" प्रत्येक जण सल्ला देत होता आणि प्रत्येक लॉरी सुरू झाली की उघड्या पेटीत हात सैल सोडून पैसे पडत होते. बघता बघता दहा लॉऱ्या धडधडायला लागल्या. आणि रोटर संपले. म्हातारीचा नव्हता.

"दहाच फिरवा," कारकून म्हणाला. "मी अकरा मोजल्या असं धरतो."

मेव्हण्यांनी मान हलवली. "म्हातारी पुढे नसेल तर फेरी नाही. त्या दिवशी माझ्या बायकोला तिनेच नेलं."

तेवढ्यात मला तो दिसला. गर्दीत, कानामागे पेन्सिल, खिशात मोजपट्टी. झालं, माझं रक्त उसळलं. लोकांना थोपवायला घेतलेला भोंग्याचा माईक अजून माझ्या हातात होता, आणि तो चालू होता.

"हाच! हाच तो भंगारवाला! लॉऱ्या मापून गेला, रिकामी जागासुद्धा मापून गेला! रोटर याच्याकडे आहे. खिसे दाखवा!"

त्या माणसाने शांतपणे खिसे उलटे केले. पट्टी, खिळे, रुमाल. मग धाकटीकडे बघून म्हणाला, "वहिनी, आता सांगू का?"

"सांगायचं काय राहिलंय आता?" धाकटी पुढे आली. मेव्हण्यांकडे न बघता म्हणाली, "हे पत्र्याची छपरं बांधतात. लॉऱ्यांवर छप्पर घालायला मीच बोलावलं यांना."

मेव्हणे उठून उभे राहिले. "तू? तुला तर अंगण मोकळं हवं होतं!"

"हवंच आहे! पण पावसात या गंजत उभ्या राहतात, ते बघवत नाही मला. आणि बंद पडत पडत का होईना, म्हातारीने मला पोचवलं ना? तिला भंगारात घालू होय?"

मेव्हणे म्हातारीच्या नाकावरून हात फिरवायला लागले. पण मी? मला राहवेना. "ते सगळं ठीक. पण ती रिकामी जागा कशाला मापली?"

"दवाखान्याच्या गाडीला, दादा. डॉक्टरीणबाईंकडे छप्पर कुठाय? आधीची गाडी उन्हापावसात उभी राहूनच गेली."

"अगं, पण ती गाडी अजून आली कुठे?"

"येणार ना!" धाकटी म्हणाली. "इतकी माणसं राबतायत, ती काय फुकट? माझा विश्वास आहे."

डॉक्टरीणबाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले. मी माईक बंद करण्याचं बटण शोधायला लागलो.

मिस्त्री मात्र व्यवहारी. म्हणाला, "जुन्या छोट्या गाडीचा रोटर थोडा घासला तर म्हातारीला बसेल." जुनी छोटी गाडी मांडवाबाहेर एकच उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. संशयित म्हणून आपल्याकडे बघितलं जातं तेव्हा काय वाटतं, याचा अनुभव मी त्या दिवशी पुरेपूर घेतला. मी किल्ली काढून दिली.

म्हातारीने दोनदा उचकी दिली आणि सुरू झाली. आत डॉक्टरीणबाई, स्टिअरिंगवर मेव्हणे आणि शेजारी, कुणीही न सांगता चढून बसलेली धाकटी. अकरा लॉऱ्या शेताला फेरी मारून आल्या. कुठेही बंद पडल्या नाहीत. मेव्हणे स्टिअरिंग धरून उघड उघड रडत होते आणि कारकुनाची मुलं मागच्या हौद्यात उभी राहून ओरडत होती. संध्याकाळी सगळ्यांसमक्ष पैसे मोजून डॉक्टरीणबाईंनी जाहीर केलं की गाडी येणार.

आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. माझी इच्छा नव्हती, पण आभार मानले नाहीत तर लोक काय संशय घेतील! कागद काढला. अक्षरं दिसेनात. वाचायचा चष्मा काढायला खिशातलं घर उघडलं, तर चष्म्याच्या आधी काहीतरी काळं, अंगठ्याएवढं खाली पडलं. थेट माईकपाशी. त्याचा 'टक्' असा आवाज भोंग्यातून पार विहिरीपर्यंत गेला.

आदल्या संध्याकाळचं ते "अहो!" मला तेव्हा आठवलं. दचकून मी हातातला तुकडा तिथे कोंबला होता. एकदा संशय आला की आठवण रजेवर जाते.

पहिल्या रांगेतून टेपवाला उठला. त्याने तो तुकडा उचलला, रुमालाने पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. "साहेब, तुमचं पडलं." त्यानंतर मांडवात जे हसणं सुरू झालं, ते माझ्या मते अजून पुरतं थांबलेलं नाही. मी त्याची माफी मागितली. माईकवर आरोप केला होता, म्हणून माईकवरच मागितली. तो म्हणाला, "असू दे. चहा घेऊ या." आणि माझ्यासाठी त्यानेच मागवला, साखर किती हे विचारून.

मग मी मेव्हण्यांना म्हटलं, "हा म्हातारीचा लावा आणि माझा मला द्या."

"दादा, म्हातारी चालतेय. चालत्या गाडीतून काही काढायचं नाही."

"अहो, मग माझी गाडी?"

"ती बंद आहे ना?" मेव्हणे म्हणाले, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसले. त्या रिकाम्या जागेत माझी गाडी ढकलून उभी केली, आणि आम्ही नवरा-बायको दुधाच्या टेम्पोतून परत आलो. बायको वाटभर नुसती माझ्या चष्म्याच्या घराकडे बघायची आणि पदर तोंडाला लावायची.

काल धाकटीचा फोन आला. छप्पर झालं. दवाखान्याची गाडीही आली, पांढरी शुभ्र, आणि आपल्या जागेवर उभी राहिली. माझी गाडी म्हणे बाहेर उन्हात ढकलली आहे. पण टेपवाला सकाळी पुन्हा येऊन तिच्याभोवतीची मोकळी जागा मापून गेला.

का, कशासाठी, हे मी विचारलं नाही. माणसाने विश्वास ठेवायला शिकावं. "बरं," म्हटलं आणि फोन ठेवला. मग थोडा वेळ बसलो, आणि पुन्हा लावला.